रिलेतली चौथी पोरगी

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात हवेच्या मशीनपाशी आबा उभे होते. संयोगितानं त्यांना लांबूनच ओळखलं, पण टाकी भरून होईपर्यंत ती जागची हलली नाही. नंतर हात पुसत गेली.

"बसा आबा. कामाची पाळी संपायला उशीर हाय अजून."

"हुंदे की. बसतो."

इतक्या वर्षांत बाप तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

जोतीराम फौजेतून सुभेदार होऊन आटपाडीला परतले, तेव्हा लेक दहा वर्षांची होती. माळावर चुन्याच्या रेघा ओढून त्यांनीच तिला पळायला शिकवलं. पुढं ती देशाकडून पळाली, बँकॉकला पळाली, दोह्याला पळाली. चारशे मीटरच्या रिलेत शेवटची धाव तिची असायची. मेढ्याची रेश्मा तिच्या हातात बॅटन द्यायची, आणि मागं पडलेला संघ संयोगिता पुढं आणून ठेवायची. गावानं वेशीत तिच्या नावाची कमान उभारली होती.

मग एका मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर शिबिरातल्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. रक्त घेतलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा घेतलं. शेवटच्या वेळी दार लावून बोलले. फायनलला तिच्या जागी राखीव मुलगी पळाली. संघ चौथा आला, आणि संयोगिता बॅग घेऊन एकटीच घरी आली.

"ताकदीच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून काढली," असं आठवड्याभरात आटपाडीच्या बाजारात जो तो बोलू लागला. घरात विचारलं तर ती मान खाली घालून बसली. जोतीरामांनी वेशीतली कमान स्वतःच्या हातानं उतरवली आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

ती साताऱ्याला आली, हायवेच्या पंपावर लागली. बाकीच्या मुली खोली वाटून घ्यायच्या. तिनं भाडं जास्त देऊन वेगळी घेतली. रेश्माचे फोन सुरुवातीला येत. ती उचलत नसे. हळूहळू तेही थांबले. दिवाळीत इतरांना घरी जायचं असलं की त्यांच्या पाळ्या ती करायची. पळणं तर सुटलंच होतं. शेवटची एसटी निघून चाललेली दिसली, तरी ती चालतच राहायची.

खोलीवर तिनं चहा केला. आबांनी तो बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"तुला विट्याचं स्थळ आलंय. पोरगा फौजेत हाय. मी काय बी झाकून ठेवलं न्हाई, समदं सांगितलं. त्यो म्हनला, गोळ्यांचं झालं गेलं. चूक कुनाच्या हातनं हुत न्हाई?"

तिनं स्टोव्ह बंद केला.

"आन् मीबी लय ताणलं, सयू. फौजेत शिक्षा संपली की मानूस परत रांगंत घेत्यात. मी बाप असून घेतलं न्हाई तुला. चल आता घरला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ऐकायला तिनं किती वाट पाहिली होती, ते तिलाच ठाऊक.

"येते मी घरला. पर त्या पोराला न्हाई म्हनून कळवा, आबा."

"का? दुसरं कोन हाय का मनात?"

"कोन न्हाई."

"मग? जलमभर अशी एकलीच ऱ्हानार व्हय, त्या गोळ्यांपायी?"

खिडकीखालून उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला. तिनं उठून खिडकी लावून घेतली.

"गोळी मी कदी खाल्लीच न्हाई, आबा. गावात ते मीच पसरवलं."

आबांनी बशी खाली ठेवली.

"तू? आगं, मग काढली कशापायी तुला?"

"गोळ्या खाल्ल्याचं लोकं इसरत्यात," ती म्हणाली. "रक्त तपासून डॉक्टर म्हनले, पोरींच्या शर्यतीत तुला पोरगी म्हनून धरता येनार न्हाई."