मोरीचं कालवण

पोटुशीने मोरी मासा खाल्ला की पुढे दूध चांगलं येतं, हे तारकर्लीत कुणीही सांगेल. म्हणून जेसिंताने बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी सकाळीच मोरीचं कालवण करून ठेवलं होतं. मालवणच्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "मोरी, सुरमई आता बंद. त्यांच्या अंगात पारा साठतो, तो बाळाच्या मेंदूला बाधतो. तारली, मोतयाळे असले छोटे मासे खुशाल खा."

घरी आल्यावर जेसिंताने कालवणाचं पातेलं बाजूला सारलं. तिशीतला मुलगा कॉनरॅड समोर येऊन उभा राहिला, तशी ती रोजच्यासारखी त्याच्या शर्टाची बटणं लावू लागली. मध्येच तिचे हात थांबले.

"क्लॉडिया, ह्याच्या येळाक माज्या मांयन माका रोज मोरी खावक घातल्यान. म्हणानच हो असो झालो काय गो?"

"नाय गो मांय," क्लॉडिया चटकन म्हणाली. "हो पारो हल्लीचो. तेव्हा दर्यात असला काय नव्हता."

जेसिंताने सुस्कारा सोडला आणि उरलेली बटणं लावली.

दवाखान्यात आईला औषधं आणायला बाहेर पाठवून क्लॉडियाने डॉक्टरांना हेच विचारलं होतं. "खात्रीने सांगता येत नाही, पण तेव्हाच्या मोरीतही पारा असायचाच," त्या म्हणाल्या होत्या.