तिळाएवढा उंचवटा

“दोन्ही कोकरं सारखीच दिसतात रे बिरू. डोळे मीट, हात फिरव, म्हंजे कळंल,” मेंढरं राखणारे आबा लहानपणी माळावर म्हणायचे.

आज पन्नाशीतला बिरू मिस्त्री शेठच्या शोरूममधल्या लाल स्पोर्ट्स कारवर तसाच हात फिरवत होता. हे टॉप मॉडेल आहे की सजवलेलं साधं, ते सांगायला ती विकत घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला मुद्दाम आणलं होतं.

“मेंढरं चाचपतोस काय रे?” शेठ हसले. बिरूचं गॅरेज त्यांच्याच कामांवर चालायचं. “बिल्ला बघ, मागचा पंखासारखा स्पॉयलर बघ. टॉपच आहे!”

स्पॉयलरच्या बुडाशी बिरूचा हात थबकला. रंगाखाली पुट्टीचा तिळाएवढा उंचवटा होता. बोटांनी तो लगेच ओळखला.

“दादा, तुम्ही हो म्हणालात की सही करते,” म्हणत बाईंनी पेन उघडलं.

“बिरू,” शेठ हळूच म्हणाले, “सोमवारी तीन गाड्या पाठवतोय तुझ्याकडे.”

बिरूनं डोळे मिटले. हात तिथून हलेना.

“सही नका करू, बाई. गाडी साधीच आहे.” त्यानं डोळे उघडले. “हा स्पॉयलर गेल्या दिवाळीत मीच बसवलाय.”