राहीबाईंचा नकार

सुनेला रडायला दुसरं काही मिळालं नाही, ही राहीबाईंची तक्रार होती. संयोगिता चार दिवस एक जाडजूड पुस्तक उराशी धरून घरभर हिंडत होती आणि येता-जाता नाक ओढत होती.

"आगं, त्या मान्सांना जाऊन ऐंशी वर्षं झाली म्हनतीस," राहीबाई जेवताना कडाडल्या, "आन् आमटीत मीठ आज न्हाई. त्यांच्यासाठी रडून झालं असंल, तर आमच्यासाठी मीठ घाल."

पुस्तक म्हणजे जर्मनीतल्या ज्यूंवरची कादंबरी होती. गावातल्या शिकलेल्या बायकांची वाचनाची भिशी होती. सगळ्या जणी एकच पुस्तक वाचायच्या आणि पाळीपाळीनं एकेकीच्या घरी जमून त्यावर बोलायच्या. या खेपेला भिशी राहीबाईंच्या घरी होती. राहीबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पण शिकलेल्या बायका आपल्या सोप्यात बसणार म्हटल्यावर त्यांनी साजूक तुपातला शिरा केला, ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून ऐकत बसल्या.

बोलणं रंगात आलं होतं. कादंबरीतलं कुटुंब लपायला जागा मागत गल्लीभर फिरतं आणि एकही दार उघडत नाही, तिथं सगळ्याच रडल्या होत्या. पोस्टातल्या राजनंदिनीला म्हणे दोन रात्री झोप नव्हती.

"मी असते ना, तर माडीवर लपवलं असतं त्यांना," ग्रामसेवकाची बायको म्हणाली. "मग होऊ दे काय व्हायचं ते!"

"शेजारी म्हणायचे का हे?" संयोगिता म्हणाली, आणि तिनं पुन्हा नाक ओढलं.

राहीबाईंच्या डोळ्यांपुढून मात्र कालचा टेंपो हलत नव्हता. आठवड्यापूर्वी कुणीतरी मोबाईलवर काहीतरी टाकलं, आणि संध्याकाळी तारिक शिंप्याच्या दुकानावर दगड पडले. दगड मारणारी पोरं गावातलीच होती. काल दुपारी, भर पेठेतून, तारिक बिऱ्हाड भरून मिरजेला निघाला. टेंपोत शिलाई मशीन होतं, भांडी होती, आणि गाद्यांवर आडवी पडलेली त्याची आई मेहरुनबी होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हातारीला कूस बदलता येत नव्हती. टेंपो खड्ड्यात आदळला तशी ती कळवळली. ओट्यावर उभ्या राहीबाईंकडं तिनं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मेहरुनबीचा जन्म गावातल्या बायकांची झंपरं शिवण्यात गेला होता. लेकाच्या लग्नात घालायचं झंपर काखेत घट्ट झालं, म्हणून राहीबाई तिला चारचौघांत नाही नाही ते बोलल्या होत्या. माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस, इथवर. तेव्हापासून अबोला होता. काल तिनं तोंड फिरवलं तेव्हा राहीबाईंना वाटलं, बया अजून झंपरावरच अडून बसलीय. मग त्यांनीही मान वळवली.

शिक्षिका शिवांजली चहा मागायला दाराशी आली. खाली वाकून हळूच म्हणाली, "काकी, खरं तर आजची पाळी तारिकच्या बायकोची, सुमैराची होती. पण गावात हे असं, तिकडं कसं जमणार? म्हणून तुमच्याकडं ठरवलं. आणि मेहरुनबीला ठेवून घ्यायला तुम्ही नाही म्हणालात, ते बरंच केलंत. आपल्यालाही लेकरंबाळं आहेत. संयोगितानं सांगितलं आम्हाला."

राहीबाईंनी तिच्याकडं एकटक पाहिलं. पण पाहुण्यांपुढं घरातलं काढणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि तिच्या कपात चहा ओतला.

बायका गेल्या. संयोगिता मोरीत बशा घासत होती. राहीबाई तिच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी कवा न्हाई म्हनले गं?"

संयोगिताचा हात थांबला. "परवा सुमैराचा फोन आला होता, आत्या. डॉक्टर सासूला हलवू नका म्हणतात. मिरजेत खालच्या मजल्यावर खोली मिळेपर्यंत आठ दिवस तिला ठेवून घ्याल का, म्हणाली."

"मग?"

"तुमचं मेहरुनबीचं पटत नाही हे गावाला ठाऊक आहे. तुम्ही नाहीच म्हणाला असतात. मग मीच सांगून टाकलं, आत्या नको म्हणतायत."

"काल माझ्याकडं बघून तिनं तोंड फिरवलं, ते ह्यापायी व्हय?"

संयोगिता पुन्हा बशी घासायला लागली.

"फोन लाव सुमैराला."

लागला नाही. राहीबाईंनी परत लावायला लावला. फोन बंदच होता. तारिकचाही बंद होता. मिरजेत त्यांचं बिऱ्हाड कुठं उतरलं, हे सांगायला मागं त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

"मला तुमचीच भीती वाटली, आत्या," संयोगिता रडायला लागली. "तुमचा स्वभाव..."

राहीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. सुनेनं विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो, हे त्या मनात चाचपून बघत राहिल्या. झंपर आठवलं. दगड मारणारी पोरं आठवली. आपल्या दाराच्या काचा आठवल्या.

"उगी रडू नगंस," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काय म्हनले असते, ते मला बी ठावं न्हाई, आन् आता कवाच कळायचं न्हाई. पर मी न्हाई म्हनंन ह्याचं भ्या असतं, तर तू इचारलं असतंस. तुला भ्या हुतं, मी व्हय म्हनले तर काय करायचं."