मामा पगारावर

“बाहेरचा चोर आला तर हा विमा पुरेल, ताई,” एजंट मुजुमदार चहात खारी बुडवत शाल्मलीच्या आईला म्हणाले. “पण आतल्यानंच हात मारला, तर त्याचा विमा वेगळा.”

‘आतल्यानं’ ऐकताच शाल्मलीने कान टवकारले. महिन्याभरात दोनदा दुकानातले चांदीचे पैंजण गायब झाले होते, तेही कुलूप न तुटता! तिचा चोर केव्हाच ठरला होता: घुंगरं जोडणारे गंगारामकाका. आत्तासुद्धा बघा ना, विम्याचं नाव निघाल्यापासून त्यांची मान वर होत नव्हती.

“मग आतलाच द्या,” आई म्हणाली.

बघितलंत? शाल्मलीने विजयी मुद्रेने काकांकडे पाहिलं. पण आईची नजर तिकडे नव्हतीच. ती गल्ल्यावर पाय हलवत बसलेल्या बापूमामाकडे, आपल्या सख्ख्या भावाकडे बघत होती.

“यात घरची माणसं येतात का हो?” तिने आवाज खाली आणून विचारलं.

“छे! फक्त पगारी नोकर. हां, घरचा माणूस पगारावर असेल, तर तोही नोकरच की.”

आईने मान डोलावली. मग मोठ्याने म्हणाली, “बापू, उद्यापासून तुला पगार सुरू.”

“ताई! अगं, किती वर्षांनी माझी किंमत केलीस गं!” मामाने गल्ल्यावरून उडीच मारली. मामीला फोन लावायला तो धावतच बाहेर पडला.

शाल्मली फिसकन हसणार होती. तेवढ्यात आईने डोळे पुसले.

“लिहा,” ती मुजुमदारांना म्हणाली, “पहिलं नाव त्याचंच.”