विनंती प्रलंबित

"अहो, चुकून दाबलं गेलं. मेव्हणा आहे माझा! पुन्हा घेता नाही का येणार यादीत?"

"नाही सर," ती म्हणाली. "विनंती तुम्ही पाठवली असती तर खाली एकच बटण असतं, 'मागे घ्या'. ही आलेली होती. तिच्याखाली दोन असतात. हिरवं दाबलं की स्वीकारली, लाल दाबलं की नाकारली. नाकारल्याचा निरोप त्यांना लगेच जातो, आणि मग तुम्ही दोघंही एकमेकांना पुन्हा विनंती पाठवू शकत नाही."

"मग आता बायकोला काय तोंड दाखवू?"

याचं उत्तर तिच्या समोरच्या कागदावर नव्हतं. सकाळपासूनचा हा एकेचाळिसावा फोन. चॅट सेवेच्या मदत केंद्रात तिच्याकडे फक्त संपर्कयादीच्या तक्रारी येत. कोणी कोणाला जोडलं, कोणी कोणाला झुलवत ठेवलं. हेडफोनखाली कान दुखत होते. चहावर साय धरली होती.

"तुझे घड्याळवाले काका आलेत लाईनवर," शेजारची मैत्रीण म्हणाली. "गुरुवार, बाराचा ठोका. आमच्या ह्यांना यांच्याकडे शिकवणीला पाठवायला हवं."

काका घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाली तेव्हा दुकान बंद केलं. दोन वर्षांपूर्वी शेजारणीने त्यांच्या फोनवर हे अ‍ॅप घालून दिलं, आणि त्याच संध्याकाळी लेकीचं नाव पडद्यावर आलं. तेव्हापासून ते दर गुरुवारी फोन करत. पहिल्या फोनच्या वेळी तिने नोंद केली होती, 'पाठवलेली विनंती, उत्तर नाही'. पुढे दर आठवड्याला तीच ओळ उतरवत आली. ग्राहकाची यादी केंद्रातल्या कोणालाच दिसत नसे. नियमच तसा होता.

"काय म्हणतेय माझी लेक?"

"काका, इथून दिसत नाही हो. तुम्हीच सांगा."

"तेच. तिचं नाव, आणि शेजारी 'विनंती प्रलंबित'." ते खाकरले. "बंद पडलेलं घड्याळ निदान उघडून बघता येतं गं. हे कुठून उघडायचं?"

एरवी ती हसली असती.

"मीच म्हटलं होतं तिला, या घराची पायरी चढू नकोस. मनासारखं लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. शब्दाची पक्की निघाली. माझ्यावरच गेलीय." "पोरी, आज काढून टाकू ते. दोन वर्षं तिच्या दारात उभा आहे मी. रोज माझं नाव बघून तिला त्रास होत असेल. तिची तरी सुटका होऊ दे."

"नक्की ना, काका?"

"नक्की. माझ्या हातून तेवढं एक तरी बरं होऊ दे."

कागदावर चार पायऱ्या होत्या. पहिल्या तीन नुसत्या प्रश्नांच्या. पडद्यावर सात फोन थांबलेले दिसत होते. तिने सरळ चौथी वाचली.

"नावावर बोट ठेवा. खाली एकच बटण येईल. ते दाबा."

पलीकडे एका घड्याळाची टिकटिक चालू होती.

"दाबलं," काका म्हणाले. "गेलं नाव."

"झालं तर मग. काळजी घ्या, काका."

तिने नोंदीत 'विनंती मागे घेतली' असं लिहिलं आणि फोन ठेवायला बोट पुढे केलं.

"थांब पोरी, एवढं बघ, माझं काही चुकलं तर नाही? तू एकच बटण म्हणालीस, इथे दोन होती. मी हिरवं सोडून लाल दाबलं. बरोबर ना?"