सूं-सूं

नळीतल्या पाण्याचा प्रवाह कुठे खळबळतोय, हे प्रवाहशास्त्राचे प्रोफेसर नुसत्या आवाजावरून सांगत. त्यांची बायको मात्र आठ वर्षं कानीकपाळी ओरडत होती, "अहो, नाडीच्या ठोक्यागणिक माझ्या कानात सूं-सूं होतंय हो!" त्यावर ते कागदातून मान वर न काढता म्हणत, "रिकामपणी होतं तसं." दोन डॉक्टरांनी तर तिला सरळ झोपेच्या गोळ्या दिल्या.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानामागे स्टेथोस्कोप टेकवला आणि त्या चमकल्या.

"अहो, हा आवाज मलाही येतोय! इथली शीर अरुंद झालीय, रक्त घुसळून निघतंय. ऑपरेशन केलं की थांबेल."

तिला रडूच फुटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं खरं मानलं होतं.

सोबत आलेल्या प्रोफेसरांनी घाईघाईने स्टेथोस्कोप आपल्या कानाला लावला. त्यांचा चेहरा उजळला. "वा! काय सुरेख खळबळ आहे! डॉक्टर, ऑपरेशन महिनाभर पुढे ढकला. मला हे प्रयोगशाळेत रेकॉर्ड करायचंय."

तिने त्यांच्या कानातून स्टेथोस्कोप हिसकून घेतला. तो डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.

"ऑपरेशन उद्याच करा, डॉक्टर. आणि फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून माझ्या बहिणीचं नाव लिहा."