थोरली-धाकटी

"जन्मताना अशक्त कोण होतं?" आदितीनं विचारलं. शालूबाईंनी तोंड उघडायच्या आत क्रांती म्हणाली, "मी. म्हणून तर मला देऊन टाकलं."

शेजारी बसलेली तिची जुळी बहीण संयोगिता उगीचच पंख्याकडं बघायला लागली.

आदिती कोल्हापुरात जुळ्यांवर संशोधन करत होती. एकच बी दोन रानांत पेरलं तर पिकात काय फरक पडतो, तसला हा अभ्यास. या दोघी सापडल्या म्हणजे तिला लॉटरीच लागली होती. हुबेहूब जुळ्या, पण संयोगिता गारगोटीत आईजवळ, म्हणजे शालूबाईंजवळ वाढली आणि क्रांती हातकणंगल्यात. शालूबाईंच्या बहिणीला, आक्काला, मूल नव्हतं. तिनं क्रांतीला घेतलं. क्रांती आक्काला आई म्हणायची आणि शालूबाईंना मावशी.

दोघींना दहीभात लागायचा, दोघी झोपेत बडबडायच्या, राग दोघींच्याही नाकाच्या शेंड्यावर. फरक एकच. संयोगिता कुणाच्याही घरी गेली की थेट डब्यांत हात घालायची. क्रांती तिशी उलटली तरी 'बस' म्हटल्याशिवाय बसत नसे. आक्कानं तिला जिवापाड जपलं होतं. तरी नको असलेलं लेकरूच लोक देतात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. इथंही ती तेवढ्याच एका उत्तरासाठी आली होती.

"अशक्त कुणीच नव्हतं," शालूबाई म्हणाल्या.

"मग मलाच का दिलंस, मावशी?" क्रांतीचा आवाज चढला.

शालूबाईंना रडू येत होतं आणि त्याचाच रागही येत होता. "थोरलीच्या हाताला काळा दोरा बांधला हुता. तेवढीच काय ती वळख. बारशाच्या आदल्या दिवशी आक्का न्यायला आली. धाकटी द्यावी म्हनलं तर जीव तुटतोय, थोरली द्यावी म्हनलं तरी तसंच. मग दोरा मीच कापला. दोघींस्नी एका दुपट्यात घातलं आन् भिंतीकडं तोंड करून पडले. आक्काला म्हनलं, हाताला लागंल ती ने, मला दावू नगंस."

"पण मलाच थोरली म्हणतेस की सगळीकडं!" संयोगिता म्हणाली.

"लोकं इचारत्यात. कायतरी सांगाय लागतंय."

"मग गेली ती कोण? थोरली का धाकटी?" क्रांतीनं विचारलं. तिचा आवाज आता चढलेला नव्हता.

"ठावं न्हाय, बाळा," शालूबाई म्हणाल्या. "ठावं असतं, तर म्या निवडून दिली असं झालं असतं की."